फुल डे किंडरगार्टन: कुठलं राज्य अर्धं तिकीट धरतं, कुठलं पूर्ण

अमेरिकेत जॉब बदलताय, पोरगं पाचाचं होतंय आणि डेन्व्हर, सिएटल, बॉस्टन, बे एरिया असे ऑप्शन आहेत तर ‘पब्लिक स्कूल म्हणजे फुकट’ एवढ्यावर घर फायनल करू नका. शाळेला पैसे देताना राज्य मुलाचं एसटीसारखं हाफ तिकीट धरतं की फुल, ते आधी बघा. हाफ धरलं तर उरलेला दिवस आपल्याच खिशातून जातो, फी म्हणून नाहीतर प्रॉपर्टी टॅक्समधून.

आमच्या थोरलीच्या वेळी हाफ डे होतं. साडेअकराला बस यायची, मी मीटिंग कानात घालून, म्यूट करून कोपऱ्यावर उभा, आणि दुपारचं डेकेअर वेगळं.

कोलोरॅडोत २०१९ पर्यंत किंडरगार्टनचं मूल ०.५८ धरायचे, अर्ध्यावर चिमूटभर, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी फुल डेला महिन्याला काहीशे डॉलर फी लागायची. मग गव्हर्नर पोलिस (आडनाव आहे हो, खातं नाही) यांनी त्या वर्षी कायद्यावर सही केली आणि मूल पूर्ण १ झालं, फी गेली. वॉशिंग्टन राज्याने (सिएटल इथलंच) २००७ ला गरीब वस्तीतल्या शाळांपासून सुरुवात केली, मध्ये २०१२ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने मॅकक्लिअरी केसमध्ये शिक्षणाला पैसे पुरे देत नाही म्हणून सरकारला झापलं, आणि २०१६-१७ पर्यंत फुल डे सगळीकडे पोचलं. मला विचाराल तर सिएटल सगळ्यात निवांत.

मॅसॅच्युसेट्समध्ये गंमत आहे. डिस्ट्रिक्टने (म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेने) फुल डे फुकट दिलं तर राज्य मूल पूर्ण मोजतं, पण पालकांकडून फी घेतली की तेच मूल अर्धं! तरी काही गावं फीच घेत आलीत, कारण फुल डे फुकट करायचं तर पहिल्या वर्षी फी बुडते आणि राज्याची वाढीव मदत नंतर येते, मधला खड्डा कोण भरणार. त्यामुळे तिथे गावागणिक विचारा.

कॅलिफोर्नियात मूल तीन तास बसलं काय नि सहा तास बसलं काय, राज्याचे पैसे तेवढेच, किमान दिवस १८० मिनिटांचा. मग एकाच खोलीत सकाळची बॅच, दुपारची बॅच असं चालवायचा मोह होणारच ना.

टेक्सासवाल्यांनी मात्र पोरगं चाराचं असतानाच हालचाल करा. तिथे २०१९ च्या कायद्याने पात्र मुलांना प्री-के (किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष) फुल डे द्यायचं ठरलं (नेहमीचा निधी अर्ध्याच दिवसाचा, बाकीची जुळवाजुळव वेगळ्या निधीतून, आणि काही डिस्ट्रिक्ट सूटही घेतात), आणि पोराला इंग्लिश येत नसेल तर पगार न बघता पात्र. फॉर्मवर घरी मराठी बोलतो हे खरं ते लिहा आणि इंग्लिश येतं का बघणाऱ्या टेस्टच्या आधी उगाच इंग्लिश घोकवून घेऊ नका, आमच्या मेव्हण्याने महिनाभर नेमकं तेच केलं आणि आता तो प्रायव्हेट प्री-स्कूलची फी भरतोय.