सुल्काटा कासवासाठी सांगलीच्या बाजारातली खरेदी: वैरणीचा अड्डा, रानभाजीची पाटी आणि पाकिटातलं खाद्य

मुख्य मत आधी सांगतो. सांगली-मिरजेत सुल्काटा पाळणाऱ्यांसाठी सगळ्यात चांगलं खाद्य भाजीच्या पाटीत मिळत नाही, ते वैरणीच्या अड्ड्यावर मिळतं. बांधावरचं कापलेलं मिश्र गवत, ज्यात हरळी आणि मारवेल जास्त आहे, त्याला पाचपैकी पाच. रानभाजीच्या पाटीला तीन, तेही निवडून घेतली तर. आणि 'कासवाचं खाद्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक पाकिटांना शून्य.

सुल्काटा म्हणजे सहाराच्या दक्षिण काठावर, कोरड्या माळावर चरणारं कासव. पूर्ण वाढलं की ४० किलोच्या पुढे जातं. त्याचं आतडं घोड्यासारखं गवत आंबवून पचवण्यासाठी बनलेलं आहे. चोथा भरपूर, प्रथिनं कमी, कॅल्शियम जास्त आणि फॉस्फरस त्याच्या निम्म्याहून कमी, एवढं सांभाळलं की कवच सपाट आणि टणक वाढतं. याच कारणाने फळं त्याला द्यायची नाहीत. साखरेने आतड्यातले उपयोगी जिवाणू बिघडतात आणि पातळ शी सुरू होते.

एक गोष्ट स्पष्ट हवी. हे सगळं कागदपत्रं असलेल्या विदेशी कासवाबद्दल आहे. आपलं तारा कासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. रानात सापडलं तर घरी आणू नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. सुल्काटाचीही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आता अड्ड्यावर. तिथे साधारण पाच गोष्टी असतात: वाढे, कडवळ (ज्वारीची हिरवी वैरण), हत्तीघास, लसूणघास आणि बांधावरचं गवत. उसाचे वाढे स्वस्त आणि मुबलक असले तरी घेऊ नका. वाढ्यात ऑक्झलेट भरपूर असतं आणि ते अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. आपल्या भागातले जाणते पशुपालक गाईला वाढे घालताना चुन्याची निवळी शिंपडतात ती याचसाठी. कडवळ फुलोऱ्याआधी कापलेलं असेल तर त्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं, गुरं दगावतात. कासवाच्या बाबतीत असला धोका पत्करायचा नाही. हत्तीघासातही ऑक्झलेट असतं, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा ठीक, रोज नाही. लसूणघास प्रथिनाने जड आहे. पिल्लू झपाट्याने वाढतं आणि मालकाला आनंद होतो, पण मूत्रपिंडावर ताण येतो. चिमूटभर मिसळण्यापलीकडे नको.

राहिला बांधावरच्या गवताचा भारा. घेण्याआधी भाऱ्याच्या मध्यभागी हात घाला. आतून कोमट लागला तर गवत तापायला लागलंय, थोड्या वेळात बुरशी धरेल. तो भारा सोडून द्या. मग मूठभर उपसून बघा. दिवाळीच्या आगेमागे कुसळी गवत पिकलेलं असतं. त्याची काळपट, पिळदार शेपटीची कुसळं कपड्यात जशी रुततात तशीच कासवाच्या जिभेत आणि पापणीत रुततात. कासव अचानक तोंड उघडं ठेवायला लागलं किंवा एक डोळा मिटून बसलं, तर पहिला संशय कुसळावर घ्यावा.

सगळ्यात मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही, तो तणनाशकाचा. उसाच्या बांधावर टू-फोर-डी मारलं की रुंद पानांची झाडं पिळवटतात, ते ओळखता येतं. ग्लायफोसेटचं तसं नाही. फवारल्यावर गवत चार-सहा दिवस हिरवंगारच दिसतं, पिवळं नंतर पडतं. धुऊनही ते जात नाही, कारण ते पानाच्या आत शिरलेलं असतं. म्हणून रोज वेगळ्या ठिकाणचा भारा घेण्यापेक्षा एकच माणूस धरा आणि सरळ विचारा, "दादा, हा बांध कुठला, औषध कधी मारलं?" उत्तर नीट मिळालं नाही तर त्या दिवशी घरच्या कुंडीतली हरळी आणि जास्वंद पुरवा.

रानभाजीच्या पाटीतली उत्तम वस्तू म्हणजे पाथरी. जमिनीलगत पसरलेली दातेरी पानं, पिवळं फूल, देठ मोडला की पांढरा चीक. माणसं ती कच्ची भाकरीबरोबर खातात, तशीच कासवालाही कच्ची द्यायची. हा चीक निर्धोक आहे. केनाही चांगला. पावसाळ्यात दोन्ही मिळतात आणि १०-२० रुपयांच्या जुडीत छोट्या कासवाचे दोन दिवस सहज निघतात.

पण त्याच पाटीत घोळ, चिघळ, तांदुळजा, चाकवत असतात. ताकातली घोळीची भाजी माणसाला कितीही गुणाची असो, कासव ती कच्ची खातं आणि त्यातलं ऑक्झलेट सगळं त्याच्या पोटात जातं. महिन्यातून एखाद-दुसरं पान चालतं, जुडी नाही. टाकळा अजिबात नको, तो रेचक आहे. अळू आणि शेवळं कच्ची खाल्ली तर तोंड-घसा सुजतो. जुडीच्या मुळाशी आंबुशी आणि गाजरगवताची रोपं हमखास अडकलेली असतात, ती एकेक करून काढावी लागतात. गाजरगवताचं कोवळं रोप कोथिंबिरीसारखं दिसतं, तिथे फसायला होतं. घाणेरी, धोतरा, रुई, कण्हेर ही तर कासवाच्या अंगणातसुद्धा नकोत.

द्राक्षाची पानं कासवाला फार आवडतात आणि खाद्य म्हणून चांगलीही असतात. तरी तासगावकडच्या बागेतली कुणी फुकट दिली तरी नको म्हणा. छाटणीनंतर मोरचूद, गंधक आणि बुरशीनाशकांचे हात एकामागून एक पडतात. पानं हवीत तर घरच्या मांडवावरची.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या माळावरचा फड्या निवडुंग ही आपल्या जिल्ह्याची खरी देणगी आहे. उन्हाळ्यात गवत संपलं की तोच आधार. कोवळा फडा चिमट्याने धरून गॅसवर फिरवा, मोठे काटे आणि बारीक लव दोन्ही जळून जाऊ द्या, मग घासून धुवा आणि बोटभर तुकडे करा. कापल्यावर पारदर्शक, भेंडीसारखा बुळबुळीत रस आला पाहिजे. पांढरं दूध आलं तर तो तिधारी निवडुंग आहे. लगेच फेकून द्या, हात धुवा, डोळ्याला लावू नका.

पाकिटांबद्दल थोडक्यात. दुकानात मिळणाऱ्या तरंगत्या कांड्या पाण्यातल्या लाल कानाच्या कासवासाठी असतात. घटकांच्या यादीत पहिलं नाव माशाच्या भुकटीचं असेल तर ते सुल्काटासाठी नाही, दुकानदार काहीही म्हणो. गवताच्या भुकटीपासून केलेलं, १८ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त तंतू असलेलं खाद्य मिळालं, तर आठवड्यातून एकदा भिजवून द्यायला हरकत नाही.

रोजचं प्रमाण असं ठेवा: १०० ग्रॅममध्ये ८० ग्रॅम गवत, १५ ग्रॅम पाथरी-केना-तुतीची पानं, ५ ग्रॅम जास्वंदीची फुलं. पिल्लाला त्याच्या कवचाएवढा ढीग पुरतो. १२ सेंटीमीटरपर्यंतच्या पिल्लाला लांब गवत तोडता येत नाही, ते वेगळं काढून ठेवतं आणि मालकाला वाटतं गवत आवडत नाही. कात्रीने एक सेंटीमीटरचे तुकडे करा, पाथरी बारीक चिरून त्यात कालवा, वरून पाणी शिंपडा. निवडून खाता आलं नाही की आठ-दहा दिवसांत गवताची सवय लागते. कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट आठवड्यातून तीनदा, किंवा समुद्रफेसाचा तुकडा कोपऱ्यात कायम. सकाळचं कोवळं ऊन थेट अंगावर हवं, काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही. पिल्लाला रोज १५-२० मिनिटं कोमट पाण्यात, हनुवटीच्या खाली राहील इतक्या पाण्यात बसवा. पाणी कमी पडलं तर मूत्राशयात खडा होतो आणि कवचावर उंचवटे येतात.

आणलेला पाला दोन पाण्यांतून काढून झटकून घ्या, ओलसर सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवला तर तीन दिवस टिकतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली पाथरी दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होते. ती खतात टाकायची, कासवापुढे नाही.