चालणं शिकवणारा रोबोट: ट्रेडमिलवरचा घ्यावा की अंगावर चढवायचा?

फिजिओथेरपी सेंटरसाठी पहिला रोबोट घेताना निवड बहुधा दोघांत असते. एक, होकोमा या स्विस कंपनीच्या लोकोमॅटसारखं जागेवरचं यंत्र: रुग्ण पट्ट्यांनी वरून तोललेला, पाय ट्रेडमिलवर, खुबा आणि गुडघ्यापाशी मोटरी. दुसरा, रीवॉक किंवा एक्सोसारखा अंगावर चढवायचा सांगाडा. त्यात रुग्ण साध्या फरशीवर चालतो.

तुमच्याकडे पक्षाघाताचे ताजे रुग्ण जास्त येत असतील, तर मी पहिल्याच्या बाजूने आहे. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) फिजिओथेरपीच्या जोडीला असं यंत्र मिळालेले रुग्ण आधाराविना चालू लागण्याची शक्यता वाढते. पहिल्या तीन महिन्यांतल्या, अजून पाऊल टाकता न येणाऱ्यांना सर्वाधिक फायदा. दोघा थेरपिस्टनी वाकून पाय उचलायचे, तर ते लवकर थकतात. यंत्र थकत नाही. जागा मात्र भरपूर लागते.

मज्जारज्जूच्या दुखापतीचे रुग्ण अधिक असतील तर सांगाडा बघा. त्यात तोल रुग्णालाच सावरावा लागतो. तो चढवण्या-उतरवण्यात वेळ जातो, हेही धरून चाला.

हाताच्या रोबोटची घाई नको. ब्रिटनमधल्या पक्षाघाताच्या 770 रुग्णांवर अशा रोबोटची रॅटल्स नावाची चाचणी झाली (2019); तीत नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचं काम सुधारलेलं दिसलं नाही.

पुढचा काळ घरी वापरायच्या सांगाड्यांचा आहे. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने 2024 पासून त्यांना ब्रेसच्या (अवयवाला आधार देणाऱ्या साधनांच्या) गटात घेतलं, म्हणजे विम्यातून खर्च मिळू शकतो. घरी यंत्र बंद पडलं तर चालणंच थांबतं, म्हणूनच विक्रीनंतरची सेवा मला किमतीपेक्षा मोठी वाटते. त्याच वर्षी तिथल्या एका माजी जॉकीचा सुमारे एक लाख डॉलरचा सांगाडा बंद पडला. बिघाड होता मनगटावरच्या नियंत्रकाच्या बॅटरीच्या जोडणीत, म्हणजे किरकोळ. पाच वर्षांहून जुनं यंत्र दुरुस्त करत नाही, असं कंपनीने सांगितलं. बोभाटा झाल्यावर दुरुस्ती झाली. इतके दिवस त्या माणसाचं चालणं थांबलं, हे मला फार लागलं. असा ग्राहक पुन्हा त्या दारात का जाईल? आणि तुमचं यंत्र महिनाभर झाकून राहिलं, तर तुमचा रुग्ण तरी का थांबेल?

या बाबतीत देशी पर्यायही तपासा. तिरुवनंतपुरमच्या जेनरोबोटिक्सचं जी-गेटर जागेवरच्या गटातलं आहे, आणि बनवणारे इंजिनिअर देशातच आहेत.

एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) दर, सुटे भाग किती वर्षं मिळणार, सॉफ्टवेअर अपडेटचे पैसे वेगळे का, हे सगळं लेखी घ्या. आणि विक्रेत्याकडे सात वर्षांपूर्वीच्या एखाद्या ग्राहकाचा नंबर मागा. शेवटचा सुटा भाग किती दिवसांत आला, ते त्यालाच विचारा.