भिंतीवरचं वचन, डब्यातली चिठ्ठी की संध्याकाळची प्रार्थना: आपल्या घराला काय झेपेल?

रविवारी चर्च होतं, मुलं संडे स्कूलला जातात, पण सोमवार ते शनिवार घरात प्रभूचं नाव निघत नाही. अशा घरातले आई-वडील काहीतरी सुरू करायचं ठरवतात आणि पहिल्यांदा जातात ते बायबलमधलं वचन भिंतीवर लावायला फ्रेमच्या दुकानात. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात मात्र क्रम वेगळा आहे. 7व्या ओवीत (अध्यायातल्या क्रमांकाच्या वाक्याला ओवी म्हणतात) देवाच्या आज्ञांबद्दल मुलांशी बोलायला सांगितलंय: घरी बसलेलं असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. 8व्या ओवीत त्या आज्ञा हाताला बांधणं येतं आणि दारबाह्यांवर लिहिणं थेट 9व्या ओवीत. आपण शेवटून सुरुवात करतो. यहुदी घरांत आजही दाराच्या उजव्या बाहीला ह्याच ओव्यांचं चर्मपत्र लावतात, पण येता-जाता त्याला हातही लावतात. हात लावायची सवय नसेल तर ती नुसती सजावट उरते.

निवड करताना एकच गोष्ट तपासायची: ही आठवण रोजच्या कुठल्या कृतीला जोडलेली आहे? जेवायला बसणं, चप्पल घालणं, अंथरुणावर आडवं होणं, असं काहीतरी. कशालाच जोडली नसेल तर महिन्याभरात तिच्याकडे घरातल्या कुणाचं लक्ष जात नाही.

भिंतीवरचं वचन

कष्ट सगळ्यात कमी आणि परिणामही सगळ्यात कमी. लावायचंच असेल तर नीट लावा. फ्रेम बहुतेक घरांत सहा फुटांवर टांगतात. पहिलीतल्या मुलाची नजर सव्वातीन-साडेतीन फुटांवर असते, म्हणजे ती फ्रेम पाहुण्यांसाठीच झाली. मुलाच्या नजरेच्या उंचीवर, दाराच्या आतल्या बाजूला, चप्पल घालायच्या जागी लावा. दोन मीटरवरून वाचता यावं म्हणून अक्षर किमान दोन सेंटिमीटर उंच हवं, आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकू नयेत म्हणून दोन ओळींत अक्षराएवढीच जागा सोडा. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटपट्टी चार दिवसांत सुटते. माळवदाच्या घरात पांढऱ्या मातीच्या भिंतीत खिळा ढिला होतो. अशा घरात सरळ लाकडी चौकटीला पिन मारा. मजकूर दर पंधरा दिवसांनी बदला. वर्षभर तेच राहिलेलं वचन मुलाला पाठ असतं असं आपण समजून चालतो. एकदा कागद झाकून विचारून बघा.

डब्यातली चिठ्ठी

ही पद्धत शाळकरी मुलांना लागू पडते, कारण चिठ्ठी घराबाहेर, आई-वडील जवळ नसताना उघडली जाते. ए-फोर आकाराची चार कार्डशीटं घ्या, प्रत्येकीचे आठ तुकडे करा. बत्तीस चिठ्ठ्या झाल्या, शाळेचा महिना निघून थोड्या उरतात. बॉलपेननं लिहा. जेलपेनची शाई गरम पोळीच्या वाफेनं पसरते. चिठ्ठी स्टीलच्या डब्यात ठेवायची नाही, पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ठेवायची. नाहीतर दुसऱ्या दिवशी ती भाजीच्या तेलात भिजलेली सापडते.

सहा-सात वर्षांच्या मुलाला आठ-दहा शब्दांच्या वर वचन देऊ नका. ‘देव प्रीती आहे’ (1 योहान 4:8) तीन शब्दांत होतं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ (स्तोत्र 23:1) एवढं दुसरीतलं मूल पेलतं. रोज नवं देण्याचा मोह टाळा. एकच वचन आज, उद्या, चार दिवसांनी, आठवड्यानं आणि महिन्यानं परत आलं तर टिकतं. म्हणजे बत्तीस चिठ्ठ्यांवर सहा-सातच वेगवेगळी वचनं असली तरी चालतं, उलट तेच बरं.

बिघाड दोन ठिकाणी होतो. पहिला भाषांतराचा. चर्चमध्ये बायबल सोसायटीचं जुन्या वळणाचं पवित्र शास्त्र, मोबाइलमध्ये सोप्या मराठीतलं, आणि मूल संडे स्कूलच्या पाठांतराला उभं राहतं तेव्हा निम्मं एकातलं, निम्मं दुसऱ्यातलं म्हणतं. संडे स्कूलमध्ये जे वापरतात तेच घरी लिहा. दुसरा बिघाड इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा: मराठी कळतं, पण वाचताना अडखळतात. त्यांच्या चिठ्ठीवर ओळ एकच, मोठ्या अक्षरात, आणि संध्याकाळी ती त्यांच्याच तोंडून ऐकायची.

वर्गात दुसरं ख्रिस्ती मूल नसेल तर ‘हे काय आहे?’ असं कुणीतरी विचारणारच. उत्तर आधीच तयार करून द्या: ‘आमच्या बायबलमधलं वचन आहे, आई देते.’ एवढं पुरतं. गळ्यातल्या क्रूसाचंही तसंच. घालायचा का, सदऱ्याच्या आत ठेवायचा का, हे मुलाला ठरवू द्या. जबरदस्तीनं घातलेला क्रूस गेटजवळ दप्तरात जातो.

संध्याकाळची प्रार्थना

सगळ्यात जास्त फळ हिलाच येतं आणि सगळ्यात लवकर बंदही हीच पडते. बंद पडायचं पहिलं कारण लांबी. सात ते दहा मिनिटं, त्यावर नाही: गाण्याचं एक कडवं, तीन ते पाच ओव्यांचं वाचन, मुलांना एक प्रश्न, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, शेवटी येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना. प्रश्न परीक्षेतल्यासारखा नको. ‘ह्यात कोण घाबरलं होतं?’ असा असला की पाच वर्षांचं मूलही बोलतं.

दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही. वडील डोळे मिटून म्हणतात, ‘प्रभू, ह्याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाइल सोडायची बुद्धी दे, आईला उलट बोलायचं थांबव.’ मुलाला पुरतं कळतं की हे देवाला चाललेलं नाही, आपल्याला चाललंय. महिनाभर असं झालं की साडेसातला त्याचं पोट दुखायला लागतं. रागवायचं असेल तर प्रार्थनेच्या आधी, उघड्या डोळ्यांनी रागवा.

तिसरं कारण वेळ. पाण्याच्या मोटारीची लाइट रात्रीची असली की वडील पाणी द्यायला शेतात असतात. ‘बाबा आल्यावर करू’ ह्यावर चाललेली प्रार्थना रब्बीत मोडते. घड्याळाला बांधू नका, ताटाला बांधा: पहिल्या घासाआधी, जो मोठा माणूस घरात असेल त्यानं घ्यायची. कॅथलिक घरांत जेवणाआधीची क्रूसाची खूण हे काम आधीपासून करतेच. त्यांनी फक्त त्याला एक ओवी जोडायची.

गाणी

एकही रुपया लागत नाही आणि लाइट गेली तरी चालतं. ना. वा. टिळकांनी ओवी-अभंगाच्या चालीत लिहून ठेवलंय, ते आजीला येतं आणि नातवाच्या कानावर पडतं, म्हणून मराठी घरात ह्याला तोड नाही. उणीव एवढीच की मूल अर्थ न कळता धडाधड म्हणतं. महिन्याला एकच कडवं घ्या आणि त्यातला अडलेला शब्द त्याच दिवशी सांगून टाका.

मोबाइल

कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी येणारं वचन गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये हरवतं. बायबलच्या ॲपची रोजची सूचना मोठ्यांना बरी, लहानाच्या हातात त्यासाठी फोन देणं म्हणजे पुढची वीस मिनिटं दुसऱ्याच गोष्टीला देणं. अपवाद एकच: मेडिकलच्या नीट परीक्षेच्या तयारीला लातूरला राहिलेलं मूल. बऱ्याच होस्टेलांत साधा कीपॅडचाच फोन चालतो. रात्रीच्या फोनवर मार्क विचारायच्या आधी एक ओवी वाचून दाखवा, अर्ध्या मिनिटात होते.

मग घ्यायचं काय?

पाच वर्षांखाली फक्त गाणं आणि जेवणाआधीची ओळ. सहा ते बारामध्ये चिठ्ठी आणि संध्याकाळची प्रार्थना. दोन्ही झेपत नसतील तर चिठ्ठी सोडा, प्रार्थना सोडू नका. जालन्याजवळचं बेथेल रेव्ह. नारायण शेषाद्रींनी 19व्या शतकात वसवलं. तशा वस्तीत, जिथे चार घरं चर्चच्या मंडळीतलीच असतात, मुलाला तेच वचन शेजारीही ऐकू येतं. गावात एकटंच ख्रिस्ती घर असेल तर सगळा भार घरावर येतो, तिथे गाण्याला जास्त वेळ द्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा हिशेब वेगळा. दिवाळीच्या सुमाराला निघून मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहायचं, तिथे ना भिंत, ना शाळेचा डबा. वीस चिठ्ठ्यांना एका कोपऱ्यात भोक पाडून सुतळीत ओवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि झोपताना एक उलटा. मुलं आजीकडे गावी राहणार असतील तर तीच वीस वचनं आजीकडेही द्या, म्हणजे फोनवर दोन्हीकडे एकच ओवी चालते.

तेरा-चौदाच्या पुढे चिठ्ठी बंद करा, मित्रांसमोर ती लाजिरवाणी होते. प्रार्थनेला बसायचं बंधन ठेवा, बोलायचं ठेवू नका. वाचनाचा भाग निवडायचं काम त्याच्याकडे द्या. तो बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक निवडेल, उपदेशकाचं निवडेल, अडचणीचे प्रश्न विचारेल. उत्तर येत नसेल तर ‘रविवारी पाळकांना विचारू’ म्हणा, आणि रविवारी खरंच विचारा.