फळमाशीच्या भ्रूणविकासाच्या काचपट्ट्या: नमुने उत्तम, पुस्तिका सदोष

शरीराचा आराखडा ठरवणारी जनुके शिकवताना मला वर्षानुवर्षे फळ्यावरच्या आकृत्यांवर भागवावे लागले, म्हणून फळमाशीच्या 12 तयार काचपट्ट्यांचा हा संच मी मुद्दाम मागवला आणि गेले सत्र वर्गात वापरला.

सर्वांत मोलाची पट्टी चौथी आहे. जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीच्या भ्रूणावर ‘इव्हन-स्किप्ड’ जनुकाच्या प्रथिनाचे सात तपकिरी पट्टे तिच्यात इतके स्वच्छ दिसतात की शंभरपट विशालनात ते सहज मोजता येतात. फलनाला तेव्हा सुमारे तीन तासच झालेले असतात; डोके नाही, पाय नाहीत, पण कुठला खंड कुठे येणार याची आखणी होऊन गेलेली असते. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा भिंगावरून डोळा काढवेना.

नवव्या पट्टीत शृंगिकांच्या (डोक्यावरच्या स्पर्शिकांच्या) जागी पाय फुटलेले डोके आहे, दहावीत चार पंखांची माशी. त्या पायांवरची लव आणि टोकाच्या नख्यासुद्धा स्पष्ट दिसतात. सातव्या पट्टीत मात्र हवेचा बुडबुडा नेमका नमुन्यावर आला आहे.

खरी तक्रार सोबतच्या पुस्तिकेबद्दल आहे. ‘अल्ट्राबायथोरॅक्स’ हे पंख घडवणारे जनुक असल्याचे तीत छापले आहे. वस्तुस्थिती उलट आहे. हे जनुक तिसऱ्या वक्षखंडात पंख होऊ देत नाही, आणि तिथे त्याचे काम बंद पडले की तोल सांभाळणाऱ्या गदेसारख्या छोट्या अवयवांच्या जागी पंखांची दुसरी जोडी येते. याउलट नवव्या पट्टीत ‘अँटेनापीडिया’ हे जनुक डोक्यात, म्हणजे नको तिथे, चालू झालेले आहे. शिवाय होमिओबॉक्स असलेले प्रत्येक जनुक पुस्तिकेने हॉक्स, म्हणजे कुठल्या खंडात कोणता अवयव यावा हे ठरवणारे जनुक, ठरवले आहे. होमिओबॉक्स हा डीएनएचा 180 बेसजोड्यांचा तुकडा ‘इव्हन-स्किप्ड’मध्येही असतो, तरी ते हॉक्स जनुक नव्हे, हॉक्स जनुके फळमाशीत 8 आणि माणसात चार गटांत मिळून 39 आहेत. 1995च्या नोबेल पारितोषिकाच्या उल्लेखात फक्त एडवर्ड लुइस यांचे नाव आहे, हे तर मला फारच खटकले, कारण चौथ्या पट्टीतले जनुक ज्या शोधमोहिमेतून हाती लागले ती त्यांच्यासोबत गौरवल्या गेलेल्या क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांची होती.

संच जरूर घ्यावा. मी आता पुस्तिका कपाटात ठेवून नववी आणि दहावी पट्टी शेजारी लावतो आणि विद्यार्थ्यांना एवढेच विचारतो, की कुठल्या माशीत जनुक गप्प आहे आणि कुठल्या माशीत ते भलत्या जागी बोलते आहे.