शिन-काया, कात्सुरा की खरा काया? गो बोर्डाच्या लाकडाचा १४ महिन्यांचा अनुभव

गो म्हणजे १९ बाय १९ रेषांच्या जाळीवर काळे-पांढरे स्टोन, म्हणजे चपट्या गोल सोंगट्या, ठेवत दोघांनी खेळायचा खेळ. आधी माझा बोर्ड कुठला ते सांगते. काया लाकडाचा, टेबलावर ठेवायचा, २ सुन जाड म्हणजे जवळजवळ ६ सेंटिमीटर, अखंड ठोकळ्याचा नाही तर चार पट्ट्या जोडून केलेला. वजन सहा किलोच्या आसपास. मी तोक्योत निशी-कासाईला राहते, बोर्ड घेऊन आता १४ महिने झाले आणि एखाददुसरा दिवस सोडला तर रोज त्याच्यावर खेळलेय किंवा निदान जुने डाव मांडून बघितलेत. काया हे झाडाचं जपानी नाव, आपल्या काया-वाचा-मनेशी त्याचा संबंध नाही. सूचिपर्णी झाड आहे, फार हळू वाढतं, बिया खातात, त्यांचं तेलही काढतात. जपानच्या मियाझाकी प्रांताकडचा काया सगळ्यात भारी मानतात, तिथल्या आया गावात बोर्ड करणारे कारागीर आजही आहेत.

याआधी दोन वर्षं माझ्याकडे शिन-काया होता. शिन म्हणजे नवीन, म्हणून मला वाटलं कोवळ्या झाडाचं काया असेल, थोडं स्वस्त इतकंच. तसं अजिबात नाहीये. शिन-काया म्हणजे स्प्रूस, वेगळंच झाड, रंग फिकट पिवळट म्हणून बाजारात हे नाव रुळलंय आणि इथल्या लोकांना ते माहीत असतं, माहीत नसतं ते माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांना. बोर्ड दिसायला छान होता, खोटं कशाला बोलू. पण लाकूड मऊ. कोपऱ्यातल्या होशीपाशी, म्हणजे जाळीवर खुणेसाठी काढलेल्या ठिपक्यांपाशी, सगळ्यात जास्त स्टोन पडतात, तिथे सहा महिन्यांत बारीक खळगे दिसायला लागले आणि ते कधीच भरून आले नाहीत. दुसऱ्या हिवाळ्यात बोर्ड हीटरच्या वाऱ्यात राहिला, ती चूक माझी, आणि कडेला बोटभर लांब तडा गेला.

मग दुसरा घेताना ठरवलं की आधी लाकूड समजून घ्यायचं. आमच्या घराजवळ जो गो क्लब आहे तिथे ऐंशी पार केलेले एक आजोबा येतात, त्यांनी मला पहिल्यांदा कात्सुराच्या बोर्डासमोर खेळायला बसवलं. पायांचा, जमिनीवर ठेवायचा, आपल्या चौरंगासारखा. कात्सुरा पानझडी झाड, लाकूड तपकिरी-लालसर, रेघा जवळजवळ दिसतच नाहीत, वर्षांनी अजून गडद होत जातं. स्टोन ठेवल्याचा आवाज थोडा कोरडा येतो आणि जुन्या गडद बोर्डावर संध्याकाळच्या उजेडात काळ्या रेषा शोधाव्या लागतात. पण टणकपणा शिन-कायापेक्षा नक्कीच जास्त. त्या बोर्डावर किती वर्षं किती लोक खेळले असतील कोण जाणे, तरी खळगे मोजकेच.

आजोबा म्हणाले, वरून काय बघतेस, आधी कडेचं टोक बघ. गंमत म्हणजे हेच वाक्य माझे बाबा सांगलीत मला लहानपणापासून सांगत आलेत, त्यांची पूर्ण हयात फर्निचरच्या कामात गेली. दुकानातून व्हिडिओ कॉल लावला तर म्हणाले, "बाळा, टोकाकडनं दाखव, रेघा उभ्या आहेत का आडव्या? आणि एकमेकीला किती चिकटून आहेत?" मी म्हटलं, "बाबा, वरची बाजू तर बघा किती सुंदर आहे," तर म्हणे, "वरची बाजू रंधा मारून कुणीही सुंदर करेल."

तर रेघांचं असं आहे. वरच्या पृष्ठावर सरळ, समांतर रेघा असल्या तर त्याला मासामे म्हणतात. डोंगरासारख्या, लाटांसारख्या असल्या तर इतामे. फरक नुसता दिसण्याचा नाही. लाकूड वाळताना वार्षिक वलयांच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण अर्धंच गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने आकसतं, म्हणून इतामे फळी वाटीसारखी वाकायला बघते आणि मासामे सपाट राहते. आता हिशोब करा, गो बोर्ड साधारण ४५.५ बाय ४२.५ सेंटिमीटरचा, मासामे अखंड तुकडा हवा तर मधला गाभा टाळून एका बाजूने ४२ सेंटिमीटर रुंदी काढायची, म्हणजे खोडाचा व्यास मीटरभर किंवा त्याहून जास्त लागणार, आणि काया इतका हळू वाढतो की तेवढं झाड व्हायला काही शतकं जातात. वर तो जाड ठोकळा टोकांना मेण लावून वर्षानुवर्षं सावलीत वाळवायचा. अखंड मासामे कायाची किंमत लाखोंनी का मोजतात ते मला इथे कळलं, आणि ती किंमत मला वाजवीच वाटते, फक्त माझ्या ऐपतीतली नाही.

जोड बोर्डात हेच काम अरुंद मासामे पट्ट्या कडेला कडा चिकटवून करतात. खूप लोक जोड म्हटलं की नाक मुरडतात. माझं स्पष्ट मत, खेळण्यासाठी घेत असाल तर इतामे अखंड काया आणि मासामे जोड काया यात बिनधास्त जोड घ्या. अखंडपणाचे पैसे त्यात जात नाहीत आणि लाकूड तेच, वास तोच, बोटाला लागणारा स्पर्श तोच.

आता वापराबद्दल. आवाज हा पहिला फरक. कायावर स्टोन ठेवला की आवाज टणक येतो पण टोचत नाही, आणि बोटाला किंचित उसळी जाणवते, लाकूड झेलतंय असं वाटतं. दोन-तीन तासांच्या डावानंतर बोटांची टोकं दुखत नाहीत, काचेच्या किंवा प्लायच्या बोर्डावर माझी दुखायची. खळग्यांचं म्हणाल तर काया स्वतःला सावरतो असं इथे सगळे सांगतात, माझ्या बोर्डावर पहिल्या दोन महिन्यांत पडलेल्या चार बारीक खुणा मी फोटो काढून ठेवल्या होत्या, त्यातल्या तीन आता तिरप्या उजेडातही सापडत नाहीत, एक अजून आहे, तिथे स्टोन हातातून निसटून कडेवर आपटला होता. रंग आल्या दिवशी फिकट लोण्यासारखा होता, आता मधाकडे झुकलाय. वास पहिले तीन-चार महिने खोलीत भरून असायचा, गोडसर, थोडा राळेसारखा, आता नाक जवळ नेलं तरच येतो.

रेषा लाखेच्या आहेत, बोट फिरवलं की किंचित उंच लागतात. पारंपरिक पद्धतीत तलवारीच्या पात्याला लाख लावून एकेक रेष टेकवतात, १९ उभ्या १९ आडव्या. माझ्या बोर्डावर एकही रेष अजून उडालेली नाही, फक्त माझ्या बाजूच्या उजव्या कोपऱ्यात थोडी चमक गेलीये कारण हाताची टाच तिथे टेकते.

हवामानाची काळजी मला सगळ्यात जास्त होती. तोक्योत जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळी दमटपणा, मग घामाचा उन्हाळा, आणि हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. यावेळी मी बोर्ड भिंतीपासून लांब, एसी-हीटरच्या झोताबाहेर ठेवला, खेळून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसते, ओलं फडकं कधीच नाही, आणि वर लाकडी झाकण. पॉलिश, मेण, तेल काही लावलेलं नाही. कॅरमची सवय असलेल्या माझ्या भावाने सुट्टीत आल्यावर पावडर मागितली होती, त्याला हात जोडून थांबवलं.

एक डाग मात्र पडलाय. हळदीचा. पोहे खाऊन नीट हात न धुता बोर्ड उचलला, डाव्या कडेला बोटाचा पिवळा ठसा उमटला. आपल्याकडे हळदीचा डाग उन्हात घातला की उडतो, बाबांनी तेच सांगितलं, पण कायाचा बोर्ड उन्हात ठेवायचा नसतो, त्यामुळे डाग तिथेच आहे. आमच्यासारख्या घरात काया घेणार असाल तर हे लक्षात ठेवा, कच्च्या लाकडाला लेप नसतो, जे लागेल ते आत जातं.

बजेट कमी असेल तर? शिन-काया नवा घेण्यापेक्षा जुना कात्सुरा शोधा, असं मी मनापासून सांगेन. जपानात जुनी घरं रिकामी होताना पायांचे बोर्ड रिसायकल दुकानात येतात आणि नव्याच्या मानाने खूपच स्वस्त मिळतात, लाकूड कधीचंच वाळून स्थिर झालेलं असतं, तडा जायचा असता तर एव्हाना गेला असता. उलटा करून बघा, खाली मध्ये चौकोनी खोबण असते, तिथलं लाकूड आणि चारी टोकं नीट तपासा. हिबा नावाच्या जपानी सूचिपर्णी झाडाचे बोर्डही मिळतात, पण त्याचा वास उग्र, मला दीड तासात डोकं चढलं.

भारतातले मित्र सागवानाचं विचारतात. बाबांशी बोलून माझं मत झालंय की सागवान टिकेल पण रंग गडद आणि रेघा ठळक, त्यावर १९ रेषांची जाळी आणि काळे स्टोन डोळ्यांना त्रास देतील. त्यांनी भाच्यासाठी शिवणीच्या लाकडाचा एक इंच जाड बोर्ड केला, रंग फिकट पिवळा, रेघा शांत, आणि सांगलीतला एक पावसाळा काढूनही तो सपाट आहे. आवाज कायासारखा नाही, थोडा बसका येतो, पण तिथे राहून कायासाठी एवढा खर्च करून वर कस्टम ड्युटी भरण्यापेक्षा मी तोच घेईन.

माझ्या बोर्डाचे तीन जोड मी दर महिन्याला नखाने तपासते. गेल्या रविवारी पावसाळी दमट हवेत पुन्हा बघितलं, तिन्हीवरून नख सरळ घसरत गेलं, कुठेच अडकलं नाही.