पुढचा ऑडिओ जॅक हेडफोन ओळखत नव्हता: डिटेक्शन बंद करून काही महिने वापरल्यानंतर

माझ्या डेस्कटॉपच्या कॅबिनेटला पुढे असलेला हेडफोनचा जॅक मनात येईल तेव्हा हेडफोन ओळखायचा. प्लग लावला की कधी लगेच आवाज यायचा, कधी काहीच यायचं नाही, आणि कधी ऐकता ऐकता आवाज एकदम मागच्या स्पीकरवर उडी मारायचा. दिवसभर रेकॉर्डिंग ऐकून ती लिहून काढणं हे माझं काम. वाक्याच्या मध्येच हेडफोन गप्प झाला की मागे जाऊन पुन्हा ऐकावं लागतं आणि लक्ष मोडतं ते वेगळंच. शेवटी जॅक डिटेक्शनच, म्हणजे प्लग लावलाय का हे कॉम्प्युटरने आपोआप ओळखणं, बंद केलं आणि त्यावर आता बरेच महिने काम चालू आहे. त्याचा फायदा काय झाला, गैरसोय काय झाली, आणि त्याआधी दोष नेमका कुठे आहे हे कसं शोधलं, ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट समजून घेतलेली बरी. जॅकमधून आवाज जाणं आणि जॅकमध्ये काहीतरी लावलंय हे कळणं, ही दोन कामं वेगवेगळ्या तारा करतात. २००४ साली इंटेलची एचडी ऑडिओ ही कॉम्प्युटरच्या आवाजाची पद्धत आली तेव्हापासून जॅकच्या आत एक वेगळा स्विच असतो, दाराच्या बेलच्या बटणासारखा. प्लग आत गेला की त्याची पत्ती दाबली जाते आणि सर्किट पूर्ण होतं. प्रत्येक जॅकच्या वाटेवर ठरलेल्या किमतीचा रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा छोटा भाग, असतो: ५.१, १०, २० किंवा ३९.२ किलोओहम. अशा चार जॅकना मिळून एकच सेन्स लाइन, म्हणजे प्लग लावल्याची खबर नेणारी तार, पुरते, कारण त्या लाइनवर एकूण रोध किती भरतो ते मोजून ऑडिओ चिप कोणकोणते जॅक वापरात आहेत हे ओळखते. ही रचना हुशारीची आहे, पण सगळा भार त्या इवल्याशा पत्तीवर. पत्ती सैल झाली किंवा तिच्यावर काळा थर चढला, की आवाजाच्या तारा ठणठणीत असूनही कॉम्प्युटरच्या लेखी हेडफोन लावलेलाच नसतो. उलटही होतं. पत्ती चिकटून राहिली तर हेडफोन काढल्यावरही स्पीकर मुके राहतात.

म्हणूनच 'ड्रायव्हर काढून पुन्हा टाका' हा सल्ला मला सगळ्यात शेवटी ठेवावासा वाटतो. आधी नुसतं बघा. विंडोजमध्ये साउंडची जुनी खिडकी उघडा, प्लेबॅकच्या यादीत राइट क्लिक करून डिस्कनेक्टेड डिव्हाइसेस दाखवायला सांगा, आणि यादीवर नजर ठेवून प्लग लावा-काढा. 'नॉट प्लग्ड इन' ही ओळ बदलते का? प्लग थोडा फिरवला की बदलते का? माझ्याकडे प्लग वरच्या बाजूला रेटला की हेडफोन दिसायचा आणि सोडला की गायब व्हायचा. ड्रायव्हरचा दोष बोटाच्या दाबाने जात-येत नाही.

पुढे खात्री केली ती मल्टिमीटरने, आणि ही पायरी मी सगळ्यांना मनापासून सुचवते. कॉम्प्युटर बंद करायचा, पॉवर सप्लायचा मागचा स्विचही बंद करायचा, आणि कॅबिनेटमधून आलेला पुढच्या ऑडिओचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढायचा. त्यात दहा जागा असतात आणि आठव्या क्रमांकाची बुजवलेली असते, म्हणजे तो उलटा बसू नये. सातव्या जागेतून सेन्सचा सिग्नल जॅककडे जातो. हेडफोनच्या स्विचमधून तो दहाव्या जागेवर परत येतो, माइकच्या स्विचमधून सहाव्या. मीटर बीपवर, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की वाजणाऱ्या सेटिंगवर, ठेवून सात आणि दहाला टोकं लावली की जॅक रिकामा असताना शांत आणि प्लग लावल्यावर बीप, असं व्हायला हवं. माझ्या जॅकवर प्लग नीट बसल्यावरही बीप नव्हती. वर रेटला की तुटक-तुटक यायची. सात आणि सहावर मात्र एकदम स्वच्छ बीप. म्हणजे तारा ठीक, मदरबोर्ड ठीक, माइकचा जॅक ठीक, दोष फक्त हेडफोनच्या जॅकमधल्या पत्तीचा. इतकं स्वच्छ उत्तर मिळालं की पुढचं सगळं सोपं होतं. कनेक्टर काढताना तारा ओढू नका, प्लॅस्टिकचा भाग धरा.

याच कनेक्टरजवळ आणखी एक घोटाळा दडलेला असू शकतो. जुन्या कॅबिनेटमध्ये एकाच केबलला दोन कनेक्टर असतात, एकावर 'एचडी ऑडिओ' आणि दुसऱ्यावर 'एसी ९७' लिहिलेलं. दोन्ही मदरबोर्डवरच्या त्याच पिनांच्या जागेवर, म्हणजे हेडरवर, बसतात. एसी ९७ ही आधीची पद्धत, तिच्यात सेन्सची ही व्यवस्थाच नाही. तो लावला असेल तर आवाज येऊ शकतो, पण जॅक कधीच ओळखला जाणार नाही. कॉम्प्युटर नवा जोडल्यापासूनच पुढचा जॅक ओळखत नसेल तर पहिलं हेच बघा. काही बोर्डांच्या बायोसमध्येही (कॉम्प्युटर चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) फ्रंट पॅनलचा प्रकार निवडायचा पर्याय असतो, तो 'एचडी'वर हवा. आणि मोबाइलचा चार कड्यांचा हेडसेट लावून माइक चालत नाही ही तक्रार वेगळी आहे. दोन स्वतंत्र जॅक असतील तर त्याला स्प्लिटर लागतो.

आता उपाय. प्लगला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो जॅकमध्ये अनेकदा आत-बाहेर केला. काही आठवडे छान गेले, मग पुन्हा तेच. पत्तीवर नुसता थर असेल तर एवढ्यावर भागेल, पण तिची स्प्रिंगच गेली असेल तर हा उपाय टिकत नाही.

मग डिटेक्शन बंद केलं. माझ्या बोर्डावरची ऑडिओ चिप रिअलटेक कंपनीची आहे. तिच्या जुन्या एचडी ऑडिओ मॅनेजरमध्ये वर उजवीकडे एक छोटं पिवळं फोल्डर असतं. ते उघडलं की 'डिसेबल फ्रंट पॅनल जॅक डिटेक्शन' अशी खूण करायची जागा मिळते. नव्या ऑडिओ कन्सोलमध्ये हा पर्याय प्रत्येक बोर्डावर दिसतोच असं नाही, आणि विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरमध्ये तो नाहीच. लिनक्सवर 'एचडीए जॅक रीटास्क' नावाचा छोटा प्रोग्राम आहे. त्यात ॲडव्हान्स्ड ओव्हरराइड चालू करून हेडफोनच्या जॅकच्या पिनसाठी जॅक डिटेक्शन 'नॉट प्रेझेंट' करायचं आणि कॉम्प्युटर सुरू होताना दरवेळी हा बदल लागू व्हावा म्हणून बूट ओव्हरराइड इन्स्टॉल करायचा. माझ्या मशीनवर दोन्ही सिस्टिम आहेत, त्यामुळे दोन्हीकडे हे केलं.

आवाज तुटणं त्या दिवसापासून बंद झालं, आणि या एका गोष्टीसाठी मी या उपायावर खूश आहे. पत्ती हलो की न हलो, हेडफोन कायम हजर. गाण्याच्या दर्जात काही फरक नाही, तो पडायचं कारणही नाही.

किंमत मोजावी लागते ती सवयीच्या रूपात. हेडफोन लावला की स्पीकर आपोआप बंद होणं याच स्विचवर अवलंबून असतं, त्यामुळे ते संपलं. पहिले काही दिवस सगळ्या खोलीला माझी रेकॉर्डिंग ऐकू जायची. यावर उपाय म्हणून रिअलटेकच्या सेटिंगमध्ये पुढचं आणि मागचं आउटपुट दोन स्वतंत्र डिव्हाइस म्हणून वेगळं केलं. आता विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबून यादीतून हवं ते निवडते. हात बसला आहे. त्रास देतो तो माइक. ही खूण दोन्ही जॅकना लागू होते, त्यामुळे पुढचा माइक न लावताही यादीत हजर असतो, आणि मीटिंगचे प्रोग्राम तो रिकामा माइक खुशाल पकडून बसतात. मीटिंगआधी माइक तपासणं आता नेमाचं झालंय. ड्रायव्हरचं मोठं अपडेट झालं तर ही खूण निघून जाऊ शकते, तेही लक्षात ठेवावं. लिनक्सवर फक्त हेडफोनच्या पिनचं डिटेक्शन बंद करता येतं, माइकचं चालू राहतं, म्हणून तिकडची सोय मला जास्त आवडली.

एक गोष्ट दोन सिस्टिम वापरणाऱ्यांसाठी. एका सिस्टिममधून नुसतं रीस्टार्ट करून दुसरीत गेलं की ऑडिओ चिप कधीकधी आधीच्याच अवस्थेत अडकते आणि जॅक चुकीचा दिसतो. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्यासाठी पूर्ण बंद न होण्याची सोय) बंद ठेवा. तरीही अडकलं तर पॉवर सप्लायचा स्विच बंद करून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग चालू करा.

मध्यंतरी यूएसबीचा छोटा साउंड ॲडॅप्टरही वापरून पाहिला. त्याला कॅबिनेटच्या जॅकशी देणंघेणं नाही, त्यामुळे लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्हीकडे तोच हेडसेट वापरणाऱ्याला तो सोपा पडेल. माझा मात्र एक पोर्ट अडायचा, आणि दुसऱ्या पोर्टात लावला की विंडोज त्याला नवं डिव्हाइस समजून आवाजाची पातळी पुन्हा पहिल्यासारखी करायचं. तो आता लॅपटॉपच्या बॅगेत असतो.

दिवसातून अनेकदा हेडफोन लावता-काढता आणि स्पीकर आपोआप बंद व्हायला हवेत, असं असेल तर डिटेक्शन बंद करून समाधान होणार नाही; पुढच्या पॅनलची छोटी पट्टीच बदलावी. अनेक कॅबिनेटमध्ये त्याच पट्टीवर यूएसबीचे पोर्टही असतात, म्हणून घेण्याआधी स्क्रूंच्या जागा आणि पोर्टांचा क्रम जुळतो का ते बघा, आणि बसवण्याआधी सात-दहा आणि सात-सहा या दोन्ही जोड्या मीटरने तपासा. पट्टी उघडी असताना याला दोन मिनिटंही लागत नाहीत.