नंदादेवी पूर्व बेस कॅम्प ट्रेक: व्यवस्था चोख, संपर्काची बाजू लंगडी

उत्तराखंडातल्या मुनस्यारीहून गोरीगंगेच्या खोऱ्याने वर चढत मार्तोलीमार्गे नंदादेवी पूर्व या 7,434 मीटर उंचीच्या शिखराच्या पायथ्यापर्यंत नेणारे ट्रेक आता अनेक व्यावसायिक संस्था आयोजित करतात. त्यांपैकी एका संस्थेबरोबर आमचा गिर्यारोहकांचा गट तिथे जाऊन आला. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हे लिहिण्यामागचा हेतू कोणाची तक्रार करण्याचा नसून, पुढे जाणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी काय विचारून घ्यावे हे सांगण्याचा आहे.

आमच्यापैकी दोघे 2019 च्या आधी याच खोऱ्यात चढाईसाठी येऊन गेले होते आणि त्या वर्षी जे घडले त्यानंतर त्यांना एकदा परत यायचे होते. मार्टिन मोरान या अनुभवी ब्रिटिश गाइडच्या नेतृत्वाखालील आठ जण मे 2019 मध्ये नंदादेवी पूर्वजवळच्या 6,477 मीटर उंचीच्या एका अनामिक शिखरावर चढत असताना बेपत्ता झाले. त्यांत भारतीय गिर्यारोहण प्रतिष्ठानचे संपर्क अधिकारी चेतन पांडे हेही होते. जूनच्या सुरुवातीला हेलिकॉप्टरमधून बर्फात काही मृतदेह दिसले, आणि 23 जूनला इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या पथकाने पाच हजार मीटरहून अधिक उंचीवर बर्फ खणून सात मृतदेह बाहेर काढले. मोरान मात्र सापडले नाहीत. घटनास्थळी मिळालेल्या कॅमेऱ्यात, दोराने एकमेकांना बांधून घेतलेले गिर्यारोहक एका अरुंद हिमधारेवरून सावकाश पुढे सरकताना दिसतात. धारेच्या कडेला वाऱ्याने साचून पुढे लोंबणारे बर्फाचे छज्जे असतात, त्यांखाली आधार नसतो आणि वरून ते भरीव भासतात. असाच भाग त्यांच्या भाराने तुटला असावा, असे सीमा पोलिसांनी तेव्हा सांगितले होते.

अशा ठिकाणी माणसे नेणाऱ्या संस्थेला माझ्या मते एकच कसोटी लावावी: त्या दुर्घटनेने जे शिकवले, ते तिच्या रोजच्या कामात उतरले आहे का?

उंचीच्या बाबतीत उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम सगळेच तोंडाने सांगतात. या संस्थेने तो वेळापत्रकात बसवला होता. मार्तोलीला पूर्ण दिवसाचा थांबा होता, आणि तिथून थेट बेस कॅम्पवर उडी न मारता ल्वां खोऱ्यात मध्ये नसपनपट्टीला मुक्काम केला. रोज संध्याकाळी रक्तातील ऑक्सिजन आणि नाडी मोजून वहीत लिहिली जात असे, आणि आकडा कमी आला तर गाइड नुसता ‘पाणी प्या’ म्हणून निघून न जाता जेवणानंतर पुन्हा मोजायला येई. रिलकोटच्या मुक्कामी आम्ही ऑक्सिजनचा सिलिंडर दाखवा म्हटल्यावर त्याने काहीही आढेवेढे न घेता पेटी उघडली. रेग्युलेटर बसवलेला, दाबाचा काटा भरलेल्या खुणेवर, मास्क पिशवीत सीलबंद, आणि सिलिंडर उघडायचा पाना दोरीने त्याच्या मानेलाच बांधून ठेवलेला. ज्यांनी इतरत्र सिलिंडर आहे पण पाना खालच्या मुक्कामावर राहिला असा प्रकार पाहिला आहे, त्यांना त्या दोरीचे मोल वेगळे सांगायला नको.

तंबू, जेवण, खेचरे या बाबतीत तक्रारीला जागा नाही. स्वयंपाकी तर अशा थंडीत गरम पोळ्या करून वाढत होता. इनर लाइन परमिटची (सीमेलगतच्या भागात जाण्याच्या परवान्याची) कागदपत्रे मुनस्यारीतच वेळेवर तयार होती, त्यामुळे चौक्यांवर खोळंबा झाला नाही. लीलम ते बुगडियार हा टप्पा संस्थेच्या माहितीपत्रकात ‘सोपा’ म्हटला आहे. तो तसा नाही. नदीच्या बाजूला कडे तुटलेले आहेत, आणि पावसानंतर वरून दगड येतात. तिथे हेल्मेट द्यायला हवे होते, जे दिले नाही.

खरी उणीव संपर्काची आहे. 2019 मध्ये ती तुकडी 26 मेच्या सुमारास बेस कॅम्पवर परतणे अपेक्षित होते, आणि ती हरवल्याची खबर प्रशासनापर्यंत पोहोचली ती महिनाअखेरीस. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाच्या बाबतीत पहिली काही मिनिटेच निर्णायक असतात, तेव्हा खबर लवकर मिळाली असती तर ते आठ जण वाचले असते असे मी म्हणणार नाही. पण पाय मोडलेला किंवा फुप्फुसांत पाणी झालेला माणूस वाचवायला काही तासांचा फरकही पुरतो, आणि या खोऱ्यात मुनस्यारी सोडल्यावर मोबाइलच्या भरवशावर राहता येत नाही. सॅटेलाइट फोन आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येत नाही, ही अडचण मान्य. मग पर्याय कोणता, असे विचारल्यावर ‘चौकीवर सीमा पोलिसांकडे वायरलेस आहे’ एवढेच उत्तर मिळाले. बेस कॅम्पवरून सर्वांत जवळच्या चौकीपर्यंत निरोप घेऊन कोण जाणार, रात्री निघावे लागले तर कोण, आणि ठरलेल्या दिवशी आम्ही खाली पोहोचलो नाही तर मुनस्यारीतला कोणता माणूस किती वाजता हालचाल सुरू करणार, हे कुठेही लिहून ठेवलेले नव्हते. आमच्या आग्रहावरून गाइडने ते मार्तोलीत बसून लिहून काढले आणि एक प्रत चौकीवर दिली. हे काम ग्राहकाने सांगावे लागू नये.

दुसरा आक्षेप पत्रकाबद्दल आहे. त्यात ‘दुर्घटनास्थळाला भेट’ असे शब्द छापले आहेत. ज्या उतारावर ती माणसे गेली तो हिमनदीच्या वर, दोर आणि क्रॅम्पॉनशिवाय (बुटांना लावायच्या लोखंडी काट्यांशिवाय) जाता न येणाऱ्या भागात आहे, आणि हा ट्रेक त्याच्या बराच खाली थांबतो. तिथे श्रद्धांजली वाहता येते, भेट देता येत नाही. आमच्या गाइडने मात्र पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगितले आणि बेस कॅम्पवर आमच्यातल्या, आधी येऊन गेलेल्या त्या दोघांना हवा तेवढा वेळ एकटे बसू दिले, फोटोसाठी ओळ लावण्याचा आग्रह केला नाही.

त्याच पत्रकात ‘देवीच्या शापा’चा एक परिच्छेद आहे, तो वाचून मला राग आला. 1939 मध्ये पोलंडच्या चौघांच्या तुकडीने नंदादेवी पूर्वची पहिली चढाई केली. 2 जुलैला बुयाक आणि क्लार्नर माथ्यावर पोहोचले, आणि त्याच महिन्यात कार्पिन्स्की व बेर्नाझिकेविच हे दोघे शेजारच्या तिरसुलीवर हिमस्खलनात गेले. बुयाक 1945 मध्ये इंग्लंडमध्ये आणि क्लार्नर 1949 मध्ये वॉर्सात बेपत्ता झाले, एवढ्यावरून शापाची कथा रचली गेली. कार्पिन्स्की आणि बेर्नाझिकेविच यांना हिमस्खलनाने मारले. महायुद्धानंतरच्या युरोपात माणसे नाहीशी होण्याला इतर कारणे कमी नव्हती. 2009 मध्ये, पहिल्या चढाईला 70 वर्षे झाल्यावर, पोलिश गिर्यारोहक पुन्हा याच शिखराकडे आले, हे सांगायला पत्रकात जागा उरलेली नाही. मार्तोलीचे नंदादेवीचे मंदिर जोहारच्या, म्हणजे या खोऱ्यातल्या, लोकांच्या श्रद्धेचे स्थान आहे. तिथल्या देवीला विक्रीसाठी कोपिष्ट ठरवणे त्यांच्याही दृष्टीने बरे नाही.

ज्यांनी आधी हिमालयात एखादा चार हजार मीटरचा ट्रेक केला आहे आणि ज्यांना गर्दी नको आहे, त्यांना ही सेवा मी सुचवेन. मे-जूनपेक्षा सप्टेंबरअखेरीस जावे, तेव्हा हवा निवळलेली असते आणि नाल्यांवरचे बर्फाचे पूल पार करावे लागत नाहीत. पैसे भरण्यापूर्वी मात्र संपर्काची योजना लेखी मागावी, आणि ती मिळेपर्यंत नाव नोंदवू नये.